मॅडलिनची चढाई

'सेलेस्ट' (2018) या व्हिडिओ गेममध्ये मॅडलिन डोंगर चढते. आरशातून तिचीच जांभळ्या केसांची प्रतिमा बाहेर पडते आणि तिची वाट अडवत राहते. मॅडलिन तिला झटकून टाकायला जाते, तेव्हा थेट तळाशी कोसळते. पुढे दोघींचा समेट होतो आणि हवेत एकाऐवजी दोन झेपा घेता येतात! दडवलेली ओळख स्वीकारली की बळ वाढतं, हे इथे खेळणाऱ्याच्या बोटांनाच कळतं. अनेक ट्रान्स खेळाडूंनी, म्हणजे जन्मतः ठरवलेल्या लिंगापेक्षा वेगळी लिंगओळख असलेल्यांनी, यात स्वतःला पाहिलं. 2020 मध्ये निर्मात्या मॅडी थॉर्सन यांनीही मॅडलिन ट्रान्स असल्याचं लिहिलं. आपणही ट्रान्स आहोत, हे खेळ घडवताना त्यांना उमगलं नव्हतं. म्हणजे खेळाडूंनी लावलेला अर्थ ओढूनताणून आणलेला नव्हता. सोलापूरकडे साडी नेसलेले जोगते, म्हणजे यल्लम्मा देवीचे पुरुष भक्त, पाहिलेल्यांना दडवलेल्या ओळखीचं हे रूपक परकं वाटू नये. घरातलं कुणी हा खेळ खेळत असेल, तर शेजारी बसून जरूर बघा.