भरतीरेषेच्या आत की बाहेर?

देवगडच्या किनाऱ्याला ज्यांचं घर आहे, त्यांच्याकडे हल्ली एक विषय हमखास निघतो. पुढची पडवी वाढवून दोन खोल्या काढायच्या, सुट्टीत पर्यटक ठेवायचे आणि सोलकढी-भात आपणच करून वाढायचा. कल्पना छानच आहे. पण मैत्रिणींनो, गवंड्याला निरोप धाडण्याआधी एक विचारा : आपली जागा भरतीरेषेपासून किती मीटरवर आहे?

भरतीरेषा म्हणजे अमावास्या-पुनवेच्या उधाणाला पाणी जिथवर चढतं ती रेघ. किनाऱ्यावर काय बांधावं, काय नाही, हे सगळं तिथून मोजतात. १९८१ साली इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून या रेघेपासून ५०० मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितलं होतं. १९९१ मध्ये त्याची रीतसर अधिसूचना निघाली. २०११ मध्ये ती बदलली, २०१९ मध्ये पुन्हा बदलली. पुरुषमंडळी ओटीवर बसून ‘सीआरझेड, सीआरझेड’ करतात ना, ते हेच.

आता तुम्ही म्हणाल, समुद्र तोच, मग नियम का बदलतात? कारण निर्णय एकटा समुद्र घेत नाही. २०१९ ची अधिसूचनाच पाहा. ग्रामीण किनाऱ्यावर २०११ च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त माणसं असतील तर ५० मीटर जागा मोकळी सोडायची, कमी असतील तर २०० मीटर. (लाटेला कुठं ठाऊक असतं वस्ती दाट की विरळ!) आणि ही ५० मीटरची सवलतही नवा आराखडा मंजूर झाल्यावरच मिळते.

घराला जागा हवी, पर्यटनातून पैसा हवा, हे खरंच. पण रापणकरांना जाळं ओढायला मोकळी पुळण लागते, हेही तितकंच खरं. वाळूच्या टेकाडांवर मर्यादवेल पसरते. नाव किती समर्पक! ती वाळू धरून ठेवते. ती उपटून दगडी बंधारा घातला की आपल्या दारची धूप थांबल्यासारखी वाटते, पण बऱ्याचदा लाटेचा मार शेजारणीच्या कुंपणाला बसतो. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं, तेव्हा देवगड बंदरात नांगरलेल्या नौकासुद्धा बुडाल्या, माणसं दगावली. मोकळा किनारा म्हणजे फुकट गेलेली जागा, असं म्हणणाऱ्यांनी ते दिवस आठवावेत.

माणसांना विश्वासात न घेता ठरवलेलं मात्र पचत नाही. मालवणला १९८७ साली २९.१२ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं; मच्छीमारांनी त्याला विरोध केला, कारण त्यांची चूल त्याच पाण्यावर पेटते. उलट वेंगुर्ल्यात स्वामिनी बचत गटाच्या बायकांनी मांडवी खाडीत पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवायला सुरुवात केली. तिवरं उभी राहिली तर त्यांच्या घरात पैसा येणार. मग तोडू कशा देतील त्या?

आपल्या दोन खोल्यांचं काय? ग्रामीण किनाऱ्यावर स्थानिकांना राहत्या घरात पाहुणे ठेवता येतात, पण जोतं वाढवायचं नाही आणि घराचा दर्शनी भागही बदलायचा नाही. म्हणजे आहे ती माजघरालगतची खोली रंगवून काढा, पडवी पुढे सरकवू नका. शहरी, दाट बांधकामाच्या भागात नियम निराळे. तिथं समुद्र आणि तुमच्यामध्ये आधीचा रस्ता किंवा अधिकृत इमारत आहे का, हे पाहतात. खाडीकाठी तर मोजमापच वेगळं. तेव्हा शेजारच्यांनी बांधलं म्हणून आपण बांधायचं, असं नको.

जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली समिती असते आणि तिच्यात किनाऱ्यावरच्या पारंपरिक समाजांचे किमान तीन प्रतिनिधी घ्यायचे असतात. त्यात बाई आहे का, हे विचारायला काय हरकत आहे? मासळी विकणारी बाई, सुकवणारी बाई, आणि खारं पाणी विहिरीत शिरलं की हंडा घेऊन लांब जाणारीही बाईच.

आराखड्याचा नकाशा पाहायला मिळाला की नुसतं आपलं घर शोधू नका. मासळी वाळत घालायची जागा, धक्का, बर्फाचा कारखाना, दवाखाना, शाळा, रस्ता हे सारं त्यावर दाखवायचं असतं. वाळवणाची जागा तिथं दिसली नाही, तर लेखी हरकत द्या आणि पोचपावती जपून ठेवा.