भाड्याकडून भावाकडे

गिरगाव-लालबागच्या मोडकळीला आलेल्या चाळी पाहून आज पटणार नाही, पण चाळ बांधणे ही एकेकाळी मुंबईतली भरवशाची गुंतवणूक होती. गिरण्यांचे भोंगे वाजत होते, माणसांची रीघ लागलेली होती; व्यापारी कमावलेला पैसा चाळीत घालत आणि दरमहा भाडे वसूल करत. मंदीचा चटका तेव्हाही बसे. सरकारने 1920च्या दशकात बीडीडी चाळी उभारल्या, तर कित्येक खोल्यांना वर्षानुवर्षे भाडेकरूच मिळाले नाहीत.

हे गणित मोडले ते 1947च्या भाडेनियंत्रण कायद्याने. भाडी 1940च्या पातळीवर गोठली. टंचाईच्या त्या दिवसांत भाडेकरूंना संरक्षण हवेच होते. पण तात्पुरता कायदा पुन:पुन्हा मुदतवाढ घेत दशकानुदशके राहिला. महागाई वाढत गेली, भाडे जागच्या जागी. डागडुजी मालकाला परवडेना, पागडी बोकाळली. भाड्यासाठी नवी इमारत बांधायला कुणी पुढे येईना.

पैसा मग विक्रीच्या फ्लॅटकडे वळला. मुंबईच्या घरबाजाराच्या चंचलपणाचे मूळ मला इथेच दिसते. भाडे लोकांच्या पगाराला धरून चालते. भाव मात्र उद्याच्या आशेवर चढतो आणि धास्तीने बसतो. 1991नंतर पैसा खुला झाला, चार वर्षांत भाव भडकले आणि पुढे बराच काळ घसरत राहिले. 2008च्या जागतिक पडझडीत बुकिंग थंडावले. रिझर्व्ह बँकेने रेपो दर 9 टक्क्यांवरून एप्रिल 2009पर्यंत 4.75वर आणला, तसे गिऱ्हाईक परतले.

पुढच्या दशकात धक्क्यांमागून धक्के आले: नोटाबंदी, रेरा कायदा, आणि सप्टेंबर 2018मध्ये आयएल अँड एफएस या वित्तसंस्थेची थकबाकी. या शेवटच्या धक्क्याने बिगरबँक वित्तसंस्थांकडून बिल्डरांना मिळणारा पैसाच आटला. अर्धवट इमारतींत पगारदारांची आयुष्यभराची कमाई अडकली. हप्ताही तेच भरत होते आणि राहत्या घराचे भाडेही.

2020 साली मात्र उलटे घडले. कोरोनात नोकऱ्या जात असताना राज्याने मुद्रांक शुल्क 5 टक्क्यांवरून 2वर आणले, गृहकर्जही सातच्या खाली उतरले आणि डिसेंबरअखेर नोंदणी कार्यालयांत झुंबड उडाली. स्वस्त पैसा आणि शुल्कसवलतीची संपत आलेली मुदत भीतीला पुरून उरली.

तरीही मुंबईत वर्षाचे भाडे घराच्या किमतीच्या मानाने फारच थोडे भरते. त्यामुळे केवळ भाड्यासाठी इमारत बांधणारा क्वचितच दिसतो, आणि शहरात नव्याने आलेल्या नर्सला किंवा शिक्षकाला अकरा महिन्यांच्या करारावरच बिऱ्हाड मांडावे लागते.