गेम खेळणारे हात गेम कधी बनवणार?

भाईंदर पश्चिमेला उत्तनच्या बसच्या रांगेत परवा एक ओळखीचा बौद्ध तरुण भेटला. बारावी विज्ञान झालेला. वडील कचऱ्याच्या गाडीवर कंत्राटी कामगार. सगळ्या शहराचा कचरा घेऊन उत्तनच्या डोंगरावर चढणारी ती गाडी. पोराला व्हिडिओ गेम बनवायला शिकायचे आहे. एका खाजगी संस्थेने त्याला डिप्लोमा आणि नोकरीची ‘गॅरंटी’ देऊ केली आहे. फी काही लाखांत. आई गळ्यातले मोडायला निघाली आहे.

गेम हे काय शिक्षण आहे, असे म्हणून आपल्यातलेच पुष्कळ जण नाक मुरडतील. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारने २०२५ साली कायदा करून बंदी आणली, हे खरे. पण तो जुगार होता. गेम बनवणे ही विद्या आहे. पडद्यावरचा चेंडू उडी मारून खाली कसा येईल हे गणिताने ठरते. त्यासाठी त्रिकोणमिती लागते, प्रोग्रामिंग लागते, चित्रकला आणि ध्वनीही लागतो.

परमपूज्य बाबासाहेबांनी २९ ऑक्टोबर १९४२ रोजी व्हाईसरॉय लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात काय मागितले होते? कला आणि कायद्याच्या पदव्यांनी अस्पृश्य समाजाचे फारसे भले होणार नाही, त्याला विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे उच्च शिक्षण हवे, असे त्यांनी स्पष्ट मांडले. त्यासाठी देशातल्या शिक्षणाकरिता वर्षाला दोन लाख आणि परदेशातल्या शिक्षणाकरिता एक लाख रुपये मागितले. सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आमची मुले उमेदवार म्हणून घ्या, हीही मागणी केली. त्या काळी छापखाना म्हणजे नवे यंत्र, नवा पगार आणि लोकांच्या डोक्यात काय जाणार हे ठरवण्याची जागा. आज ती जागा पडद्याने घेतली आहे.

पुण्यात तयार झालेला ‘राजी’ हा गेम २०२० साली जगभर गेला. काम सुंदर आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. पण त्यातली कथा सांगतात विष्णू आणि दुर्गा! बनवणाऱ्याच्या घरात जी गोष्ट असते ती गेममध्ये येते. चवदार तळ्याचा सत्याग्रह, अजिंठ्याची लेणी, उत्तनच्या वलांडीवर वाळणारे बोंबील आणि डोल घेऊन समुद्रात जाणारे कोळी बांधव, यांचा गेम कोण करणार? त्यासाठी आपला माणूस संगणकापुढे बसलेला पाहिजे.

आणि इथेच खरी मेख आहे. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मान्यताप्राप्त संस्थेतल्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमालाच मिळते. गल्लोगल्ली दिल्या जाणाऱ्या गेमिंगच्या प्रमाणपत्रांना ती नाही. म्हणजे ज्याच्या बापाकडे पैसा तो शिकणार आणि कष्टकऱ्याचा मुलगा फक्त खेळणार, मोबाईलचा डेटा जाळणार! जुलै २०२५ मध्ये केंद्राची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज मुंबईत पेडर रोडवर सुरू झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये राज्य मंत्रिमंडळाने अॅनिमेशन आणि गेमिंगचे धोरण मंजूर केले. त्यात गुंतवणुकीची भाषा भरपूर आहे. आपल्या संघटनांनी मंत्रालयात जाऊन विचारले पाहिजे, या अभ्यासक्रमांत अनुसूचित जातींच्या जागा किती, फ्रीशिप लागू आहे की नाही, आणि हे विषय जिल्ह्याजिल्ह्यातल्या शासकीय तंत्रनिकेतनांत आणि आयटीआयमध्ये कधी येणार? नेते मंडळींना पुतळ्याच्या कार्यक्रमातून सवड मिळाली तर बरे.

तोवर त्या पोराने काय करावे? बारावी विज्ञानवाल्याला तंत्रनिकेतनात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट आहे. वांद्र्याचे शासकीय तंत्रनिकेतन भाईंदरहून लोकलच्या एका गाडीवर आहे. तिथे संगणकाची पदविका घ्यावी, शिष्यवृत्तीचा अर्ज भरावा. गेमची साधने तर फुकट आहेत. गोडो आणि ब्लेंडर ही दोन्ही सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात. गोडो तर साध्या संगणकावरही चालते. संध्याकाळी दोन मित्रांनी मिळून छोटासा गेम पुरा करावा. काम मागायला गेल्यावर तोच दाखवता येतो.

जातीचा दाखला त्याच्याकडे आहे, उत्पन्नाचा नव्याने काढावा लागेल. त्याच्या आईशीही फोनवर बोललो. “ताई, गळ्यातले तूर्त मोडू नका,” म्हटले. त्या म्हणाल्या, “आणि त्या संस्थेवाल्या साहेबांना काय सांगू? रोज फोन येतोय.” म्हटले, त्यांना एवढेच विचारा, तुमच्या डिप्लोम्याला सरकारी शिष्यवृत्ती मिळते का, आणि मिळत असेल तर लेखी द्या.