सुटकेची तारीख

न्यायाधीश शिक्षा सुनावतात, पण सुटकेची तारीख ते लिहीत नाहीत. तुरुंगात येणाऱ्या वॉरंटावर असतं ते एवढंच: कलम, सात वर्षं सक्तमजुरी, इतका दंड, दंड न भरल्यास इतके महिने. त्यावरून तारीख काढतो तुरुंगाच्या न्याय विभागातला कारकून, आणि तुरुंगाधिकारी ती तपासतो. महाराष्ट्राच्या तुरुंग खात्यातली माझी बहुतेक नोकरी याच टेबलावर झाली. आज मागे वळून बघताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. या हिशेबातला जवळजवळ प्रत्येक नियम कुणा ना कुणा कैद्याने 'माझे दिवस नीट मोजा' म्हणून कोर्टाचं दार ठोठावलं, तेव्हा कुठे पक्का झाला.

जन्मठेपेचंच घ्या. 'जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं' हे वाक्य बराकीत आणि गावातल्या पारावर इतक्या खात्रीने बोललं जातं, की नवा कैदी आल्या दिवसापासून चौदा मोजायला लागतो. गांधीहत्या खटल्यात जन्मठेप झालेले गोपाळ गोडसे यांनी वीस वर्षं धरली होती, कारण भारतीय दंडसंहितेच्या कलम 57 मध्ये जन्मठेप वीस वर्षांबरोबर धरावी असं म्हटलं होतं. 30 सप्टेंबर 1960 पर्यंत त्यांच्या खात्यावर 2,893 दिवसांची माफी, म्हणजे शिक्षेतली सूट, जमा होती. नेहमीची माफी 836 दिवस, विशेष 206, कवायतीची 113, साक्षरतेची 108, वार्षिक सद्वर्तनाची 250 आणि राज्य माफी 1,380. भोगलेले दिवस आणि ही माफी मिळून वीस वर्षं भरली, आता मला सोडा, असा त्यांचा अर्ज होता. जानेवारी 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. कलम 57 हे शिक्षेचा अपूर्णांक काढण्यापुरतं आहे, जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य, आणि सरकारने शिक्षा कमी केल्याशिवाय नुसत्या माफीच्या बेरजेने सुटका होत नाही, असं न्यायालयाने सांगितलं. त्या माणसाच्या कृत्याबद्दल मनात तिरस्कारच आहे. पण जन्मठेपेच्या हिशेबाचा पाया या निकालाने घातला, आणि तो मला रोज वापरावा लागला.

मग चौदा आले कुठून? 18 डिसेंबर 1978 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 433-अ आलं. ज्या गुन्ह्याला फाशी होऊ शकते त्यात जन्मठेप झाली असेल, किंवा फाशीची जन्मठेप झाली असेल, तर प्रत्यक्ष चौदा वर्षं भोगल्याशिवाय सरकारलाही सोडता येत नाही. चौदा हा तळ आहे, छत नव्हे. मारू राम खटल्यात 1980 साली हे कलम टिकलं. पुढे महाराष्ट्र सरकारने 1992 आणि 2010 साली गुन्ह्याच्या प्रकारानुसार वर्षांचे तक्ते काढले, त्यांतले काही आकडे चौदाच्या दुप्पट आहेत. कोणता तक्ता कुणाला लावायचा, हा टेबलावरचा सगळ्यात नाजूक प्रश्न. शिक्षा झाली त्या दिवशीचं धोरण लागू होतं, आणि नंतरचं धोरण अधिक सवलतीचं असेल तर त्याचा फायदाही द्यायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये स्पष्ट केलं. म्हणून आमच्या कपाटात जुने शासन निर्णय जपून ठेवावे लागतात. एक कागद हरवला तर कुणाची तरी वर्षं हरवतात.

खटला चालू असताना तुरुंगात काढलेल्या दिवसांना, ज्याला आमच्याकडे सगळे 'सेट ऑफ' म्हणतात, 1974 पूर्वी हक्क म्हणून काहीच किंमत नव्हती. 1 एप्रिल 1974 ला नवी फौजदारी प्रक्रिया संहिता आली आणि कलम 428 ने ते दिवस शिक्षेतून वजा व्हायला लागले. पण जन्मठेपवाल्याला ते मिळतात का? आधी नाही म्हणून निकाल आला, आणि 1985 साली भगीरथ खटल्यात तो फिरला. एकाच वेळी दोन खटल्यांत आत असेल तर? महाराष्ट्रातूनच गेलेल्या नजाकत खटल्यात 2001 साली बहुमताने निकाल लागला, की दुसऱ्या खटल्यातही अटक होती एवढ्या कारणाने सेट ऑफ नाकारता येणार नाही.

एक उदाहरण प्रत्यक्ष करून दाखवतो. समजा, अटक 5 फेब्रुवारी 2014 ची, जामीन नाही, निकाल 10 मार्च 2015 ला. सात वर्षं सक्तमजुरी, सहा हजार दंड, न भरल्यास सहा महिने. निकालाच्या दिवसापासून सात वर्षं 9 मार्च 2022 ला संपतात. कच्च्या कैदेचे दिवस 398. ते वजा केले की 4 फेब्रुवारी 2021. दंड भरला नाही तर सहा महिने पुढे, म्हणजे 4 ऑगस्ट. या सहा महिन्यांना सेट ऑफ नाही. मिळालेली माफी मात्र सात वर्षांतून वजा होते, आणि ती दर तिमाहीला बदलत असल्यामुळे तारीख सतत सरकत राहते. दंडाच्या कैदेचे दोन महिने भोगून झाल्यावर घरच्यांनी चार हजार भरले, तर माणूस त्याच दिवशी सुटतो, कारण एक तृतीयांश दंड त्याने कैदेने फेडलेला असतो. मुलाखतीला येणाऱ्या कितीतरी आया-बायकांना हे ठाऊक नसतं. सहा हजार जमत नाहीत म्हणून त्या गप्प राहतात, आणि चार हजारांत काम होईल हे त्यांना कुणी सांगत नाही. मला या नोकरीत सर्वांत जास्त टोचलेली गोष्ट हीच.

रजेचं गणितही असंच. फर्लो, म्हणजे संचित रजा, शिक्षेत धरली जाते. पॅरोलचे दिवस धरले जात नाहीत. जानेवारी 2023 मध्ये गोव्यातल्या एका जन्मठेपेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की चौदा वर्षांच्या प्रत्यक्ष कैदेत पॅरोल मोजायचा नाही.

हिशेब चुकला तर काय होतं, हे बिहारच्या रुदल साह यांनी देशाला दाखवलं. 3 जून 1968 ला ते निर्दोष सुटले आणि तुरुंगातून बाहेर आले 16 ऑक्टोबर 1982 ला. नुकसानभरपाईच्या कायद्यात त्यांच्या खटल्यातला 1983 चा निकाल आजही आधाराला घेतात. तेव्हाचं सोडा. छत्तीसगडमध्ये उच्च न्यायालयाने बारा वर्षांची शिक्षा सात वर्षांवर आणलेला एक कैदी 10 वर्षं 3 महिने 16 दिवस आत राहिला, आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला साडेसात लाख देववले. अपिलाचा निकाल तुरुंगाच्या रजिस्टरवर उतरवणं, एवढंच काम होतं.

वर्गीकरणाचं काम याच विभागाच्या शेजारच्या टेबलावर चालतं. कच्चा की पक्का, पहिलटकर की सराईत, तरुण की प्रौढ. वर वर निरुपद्रवी वाटणारे हे रकाने आहेत, पण त्यावरून बराक ठरते, काम ठरतं, माफीही ठरते. 1930 मध्ये इंग्रज सरकारने अ, ब, क वर्ग केले तेव्हा शिक्षण आणि राहणीमान पाहून वर्ग द्यायचे. लाहोरच्या तुरुंगात क्रांतिकारक जतींद्रनाथ दास 63 दिवस उपोषण करून सप्टेंबर 1929 मध्ये गेले, त्यानंतरची ही सुधारणा. तरीही जातीचा रकाना रजिस्टरांत राहिलाच. फासेपारधी किंवा अशाच जमातीचं नाव दिसलं, की 'सराईत' हा शेरा हाताशी तयार असायचा. 1871 पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्ये गेला, पण त्याची सवय गेली नाही. 3 ऑक्टोबर 2024 ला पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातली जातीवरची कामवाटणी घटनाबाह्य ठरवली आणि रजिस्टरांतला जातीचा रकाना काढायला सांगितलं. याच निकालाची मी सर्वांत जास्त वाट पाहिली होती.

जुलै 2024 पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या संहितेच्या कलम 479 ने आणखी एक जबाबदारी तुरुंगावर टाकली आहे. पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ काढला, की अधीक्षकांनी स्वतः न्यायालयाला कळवायचं. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि अनेक खटले चालू असलेले यातून वगळले आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या 23 ऑगस्ट 2024 च्या आदेशामुळे हे जुन्या खटल्यांनाही लागू झालं. पण कुणाचा तृतीयांश कधी भरतो, हे वेळेवर पाहायला न्याय विभागात माणसं हवीत, आणि ती कमी आहेत. संगणकात तारीख आपोआप निघते हे खरं, पण त्यात वॉरंट भरणारा माणूसच असतो.

आपल्या घरातलं, ओळखीतलं कुणी आत असेल तर मुलाखतीच्या दिवशी डबा-कपड्यांबरोबर एक कागदही मागा. शिक्षेचा पूर्ण हिशेब: सुरुवात, सेट ऑफचे दिवस, माफी, दंडाची कैद, आजची सुटकेची तारीख. न समजल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाला दाखवा, तो फुकट असतो. आणि अपिलात काही कमी झालं असेल, तर त्या निकालाची प्रत तुरुंगात पोचली का, हे स्वतः जाऊन विचारा.