संकेतस्थळांची उसनवारी

वाशिम जिल्ह्यांतील शेतकरी सोयाबीनचें बियाणें विकत घेतो, तेव्हां पिशवी, तिच्यावरील खूणचिठ्ठी आणि दुकानदाराची पावती पीक निघेपर्यंत जपून ठेवावी, असा कृषि खात्याचा उपदेश असतो. उगवण झाली नाहीं, तर दोष कोणत्या बियाण्याचा, हें त्या चिठ्ठीवरून शोधतां येतें. संकेतस्थळें बांधणाऱ्यांसहि हाच उपदेश लागू पडतो.

समजा, वाशिमच्या एखाद्या संस्थेनें कारंजा, रिसोड, मंगरूळपीर येथील बाजारभाव दाखविणारा विभाग आपल्या संकेतस्थळासाठीं खास करवून घेतला. अशा विभागास मॉड्यूल म्हणतात. त्यांतील प्रत्येक ओळ कारागीर स्वतः लिहीत नाहीं. तारखा मांडणें, आलेख काढणें हीं कामें तो इतरांनीं रचून ठेवलेल्या तयार आज्ञावल्यांकडून करवून घेतो. अशा संग्रहास लायब्ररी असें नांव आहे. ह्या उसनवारींत कमीपणा नाहीं; गवंडी कांहीं विटा स्वतः भाजीत नाहीं. परंतु उसन्या वस्तूस मूळ धनी असतो, आणि त्या धन्यानेंहि ती अंशतः दुसऱ्याकडून आणलेली असते.

मार्च २०१६ मध्यें लेफ्ट-पॅड नांवाची अवघ्या अकरा ओळींची आज्ञावली तिच्या कर्त्यानें एका नांवाच्या वादांतून एनपीएम ह्या सार्वजनिक भांडारांतून काढून घेतली. तिच्यावर विसंबलेल्या हजारों कामांची जुळणी जगभर अडली. ऑगस्ट २०२० मध्यें वर्डप्रेसनें ५.५ ह्या आवृत्तींत जेक्वेरी लायब्ररीच्या जुन्या रीती चालवून घेणारा भाग आपोआप जोडणें थांबविलें. अनेक जुन्या जोडण्या त्यामुळें बिघडल्या. २०२४ सालचा प्रकार अधिक गंभीर होता. पॉलिफिल लायब्ररी जेथून मिळे, तो पत्ता फेब्रुवारींत दुसऱ्या कंपनीनें विकत घेतला, आणि तेथून घातक आज्ञा पाठविल्या जातात असें जूनमध्यें उघडकीस आलें. एक लाखाहून अधिक संकेतस्थळें ती लायब्ररी त्या पत्त्यावरून परस्पर मागवीत होतीं.

उपाय अवघड नाहींत. पीएचपी भाषेंतील कारागीर कंपोझर हें साधन वापरतात. कोणती लायब्ररी नेमक्या कोणत्या आवृत्तीची घेतली, हें तें एका यादींत कायम करून ठेवतें. हीच संकेतस्थळाची खूणचिठ्ठी होय. आवृत्तीस बहुधा तीन अंक असतात. ३.५.१ ह्यांत शेवटचा अंक दुरुस्तीचा, मधला नव्या सोयींचा व पहिला मोठ्या फेरबदलाचा. पहिला अंक बदलला, कीं जुनें मॉड्यूल चालेलच अशी हमी राहत नाहीं. लायब्ररी शक्यतों आपल्याच यंत्रावर ठेवावी. मूळ व्यवस्थेंत ती आधींच असेल, तर दुसरी प्रत आणूं नये. दोहोंचें भांडण लागतें. तिच्या आंत स्वतः खाडाखोड करूं नये, कारण पुढील आवृत्ति येतांच ती पुसली जाते. नवी आवृत्ति प्रथम संकेतस्थळाच्या प्रतीवर पारखावी. मात्र सुरक्षिततेच्या दुरुस्त्या लांबणीवर टाकूं नयेत. केंद्र सरकारच्या सर्ट-इन ह्या संस्थेनेंहि आज्ञावलीच्या घटकांची यादी ठेवण्यासंबंधीं ऑक्टोबर २०२४ मध्यें मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या.

कारागीर काम संपवून निघून जातो. संकेतस्थळ मात्र वर्षानुवर्षें चालवावयाचें असतें. त्यावरील भाव पाहून कोणी शेतकरी गाडी जुंपतो. म्हणून मोबदला चुकता करण्यापूर्वीं संस्थेनें ती यादी मागून घ्यावी. पिशवी फेंकून दिल्यावर तक्रार कशाच्या आधारें करावयाची?