अंगरखा कुणी शिवला?

गावच्या नाटकात राजा रंगभूमीवर आला की टाळ्या पडतात. त्याचा जरीचा अंगरखा कुणी बेतला, कुणी रात्री जागून शिवला, हे फारसे कुणी विचारीत नाही. दूर अमेरिकेत शिवल्या गेलेल्या अशाच एका अंगरख्याची हकीकत आज वाचकांपुढे ठेवावयाची आहे.

१९३९ साली न्यूयॉर्क शहरी ‘उद्याचे जग’ हा विषय घेऊन एक मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. त्याच शहरात २ ते ४ जुलै ह्या तीन दिवसांत विज्ञानकथांच्या षोकिनांचे पहिले जागतिक संमेलन झाले. विज्ञानकथा म्हणजे चंद्रमंगळावरचा प्रवास, यंत्रमानव, येणाऱ्या शतकांतील नगरे अशा विषयांवरील कल्पित कथा. त्या काळी त्या हलक्या कागदाच्या, भडक मुखपृष्ठांच्या मासिकांतून छापल्या जात आणि शिष्ट मंडळी त्यांना नाके मुरडीत. संमेलनाला सुमारे दोनशे लोक जमले. त्यांत तरुणांचाच भरणा होता आणि सगळे आपल्या नेहमीच्या कपड्यांत आले होते.

अपवाद दोघांचा. लॉस एंजेलिसहून आलेले बावीस वर्षांचे फॉरेस्ट ॲकरमन हिरवा झगा आणि सैलसर विजार घालून सभागृहात शिरले, तेव्हा जणू पंचविसाव्या शतकातील मनुष्यच वाट चुकून तेथे आला असे पाहणाऱ्यांना वाटले असावे. त्यांच्याबरोबर मर्टल डग्लस ह्या बाई होत्या. त्यांचा वेषही तसाच भविष्यकाळाचा. सगळेच अशा वेषात येतील अशी आपली समजूत होती, असे ॲकरमन पुढे सांगत. रस्त्यावरून जाताना पोरे त्यांच्याकडे बोट दाखवून चित्रकथांतील वीरांची नावे ओरडत होती म्हणे!

ते दोन्ही पोशाख डग्लसबाईंनी स्वतः बेतले व शिवले होते. फ्रँक पॉल हे त्या मासिकांचे नामांकित चित्रकार. त्यांची चित्रे आणि एच. जी. वेल्स ह्यांच्या कथेवरून १९३६ साली निघालेला एक चित्रपट, एवढेच नमुने त्यांच्यापुढे होते. बाजारात असा कपडा मिळणे शक्यच नव्हते. जे वस्त्र अजून जगात अस्तित्वात नाही, त्याचे माप घ्यावयाचे कसे आणि कापड बेतावयाचे कसे, हा प्रश्न ज्या गृहिणींनी एकदा तरी कात्री हातात धरली आहे त्यांना सहज कळेल.

ह्या बाईंचा जन्म १९०४ चा. पोलंडमधील डॉक्टर झामेनहोफ ह्यांनी सर्व राष्ट्रांना समान अशी एस्पेरांतो नावाची भाषा रचून १८८७ साली प्रसिद्ध केली होती. त्या भाषेच्या आवडीतूनच बाईंची व ॲकरमन ह्यांची ओळख झाली. मित्रमंडळीत त्यांना मोरोयो म्हणत, आणि तेही नाव एस्पेरांतोच्या धर्तीवरच तयार झालेले. दोघांनी मिळून विज्ञानकथाप्रेमींसाठी एक हौशी पत्रिकाही चालविली.

पुढच्याच वर्षी शिकागोच्या संमेलनात वेषभूषेची स्पर्धा ठेवण्यात आली. चित्रकथेतील एका क्रूर सम्राटाचा वेष धारण केलेल्या डेव्हिड काइल ह्यांना पहिले बक्षीस मिळाले. तो वेष तयार केला होता लेस्ली पेरी ह्या नावाने लिहिणाऱ्या एका तरुणीने! म्हणजे दोन वर्षांत दोन गाजलेले पोशाख, दोन्ही स्त्रियांच्या हातचे, आणि दोन्ही वेळा नाव झाले ते अंगात घालणाऱ्या पुरुषाचे. ॲकरमन ह्यांना ह्याबद्दल दोष देता येणार नाही, कारण पोशाख मोरोयोने केला हे ते स्वतः सांगत. पण सांगणाऱ्याने सांगितले तरी ऐकणाऱ्याने लक्षात ठेवावे लागते. ‘पहिला वेषधारी’ म्हणून त्यांचे चित्र वर्षानुवर्षे छापले गेले. बाईंचा उल्लेख कोठे ओझरता, कोठे तोही नाही.

१९४१ साली डेन्व्हर येथे मोरोयो बेडकाच्या तोंडाचा मुखवटा घालून आल्या. ह्या वेळी मात्र मुखवटा दुसऱ्याने करून दिला होता. करणारे होते रे हॅरीहाउझेन, जे पुढे चित्रपटांतील अचाट प्राण्यांना पडद्यावर हालते-चालते करण्याबद्दल जगप्रसिद्ध झाले.

ह्यानंतर हा छंद वाढतच गेला. त्यातील गमतीही पुष्कळ आहेत. १९७२ साली लॉस एंजेलिसच्या संमेलनात एका गृहस्थाने कपड्यांऐवजी शेंगदाण्याचे लोणी अंगाला थापले. दिव्यांच्या उष्णतेने त्याचे काय झाले असेल, आणि शेजारी उभ्या असलेल्यांच्या रेशमी झग्यांचे काय झाले असेल, ह्याची कल्पनाच केलेली बरी. ‘शेंगदाण्याचे लोणी वर्ज्य’ हा नियम तेव्हापासूनचा. पुढे १९८३ साली जपानचे ताकाहाशी नोबुयुकी ह्यांनी एका मासिकात ह्या छंदाला जो शब्द वापरला, त्यावरूनच ‘कॉस्प्ले’ हे नाव आज सर्वतोमुखी झाले आहे.

आता साधनेही पालटली आहेत. चिलखतासाठी फोमची जाड पाने कापून, उष्ण हवेने वाकवून व गोंदाने जोडून वर रंग देतात. कोणी प्लास्टिकचा पत्रा तापवून साच्यावर ओढून घेतात. अमेरिकेत १९९७ साली ॲल्बिन जॉन्सन ह्यांनी स्थापलेल्या ‘पाचशे एकाव्या पथका’चे सभासद चित्रपटातील पांढऱ्या चिलखताच्या शिपायांसारखा वेष करून इस्पितळांतील आजारी मुलांना भेटावयास जातात, आणि त्याबद्दल मोबदला घेत नाहीत. शिरस्त्राणाखाली तोंड झाकलेले असते; आत कोण आहे हे मुलाला कळत नाही.

स्पर्धांच्या पद्धतीत एक सुधारणा मला विशेष वाटते. जागतिक संमेलनाच्या स्पर्धेत वेष कल्पिला कुणी, शिवला कुणी आणि घातला कुणी, हे वेगवेगळे नोंदविण्याची रीत आहे. ज्यांची इच्छा असेल त्यांचे पोशाख परीक्षक पडद्यामागे जवळून तपासतात. शिवण, अस्तर, काजे-बटणे सारे उलटून पाहतात. नवशिक्याची गाठ मुरलेल्या कारागिराशी पडू नये म्हणून त्यांचे वर्गही निराळे केलेले असतात.

मोरोयो १९६४ साली वारल्या. पुढच्या वर्षी ॲकरमन ह्यांनी त्यांच्या आठवणींची एक पुस्तिका काढली. ते स्वतः २००८ साली, ९२ व्या वर्षी निवर्तले. १९४४ सालच्या कामगिरीसाठी मागाहून द्यावयाचे ह्यूगो पुरस्कार २०२० च्या जागतिक संमेलनात जाहीर झाले, तेव्हा उत्कृष्ट हौशी पत्रिकेचा मान त्या दोघांच्या जुन्या पत्रिकेला मिळाला. पुरस्कार संपादनाचा होता, शिवणकामाचा नव्हे. पण संपादक म्हणून नावे दोन घातली होती: फॉरेस्ट ॲकरमन आणि मर्टल डग्लस.