शिक्षा संपली... आता टीममध्ये घ्यायचं का?

इंटर-हॉस्टेल क्रिकेटची टीम लावायची वेळ आली की दरवर्षी आपल्या ब्लॉकमध्ये भांडणं होतात. ओपनिंगला कोण, कीपर कोण, मेकॅनिकलचीच पोरं जास्त का, वगैरे वगैरे. यंदाचं भांडण मात्र वेगळ्याच कारणावरून झालं आणि मी कॅप्टन असल्यामुळे ते थेट माझ्या रूमवर येऊन बसलं.

झालं असं. आमच्या एका मित्राकडे (नाव लिहीत नाही, ओळखणाऱ्यांनी ओळखलंच असेल) मागे टीमच्या किटची वर्गणी जमा होती. बत्तीस पोरं, प्रत्येकी २०० रुपये, एकूण ६४००. किट काही आलं नाही. आधी म्हणाला, दुकानदार आज देतो उद्या देतो करतोय. मग म्हणाला, पाकीट मारलं. शेवटी कळलं की पैसे त्यानेच उडवले. रेक्टर सरांनी त्याला वर्षभर हॉस्टेलबाहेर काढलं, टीममधूनही वर्षभर बंदी. आता वर्ष संपलं, तो परत आला, सगळे पैसेही भरले. आणि अडचण अशी की तो डावखुरा फास्ट बॉलर आहे. ब्लॉकमध्ये त्याच्या तोडीचा दुसरा कोणी नाही.

कट्ट्यावर दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे, "शिक्षा भोगली ना? मग विषय संपला." दुसरी म्हणे, "एकदा खाल्ले तो परत खाणार." तेवढ्यात कोणीतरी मोहम्मद आमिरचं नाव काढलं आणि मग रात्री दीडपर्यंत कोणीच झोपलं नाही. त्या वादात मी फारसं बोललो नाही, कारण मला नीट माहितीच नव्हती. नंतर बसून वाचलं. जे समजलं ते इथे मांडतोय.

लॉर्ड्सवरचे तीन नो-बॉल

ऑगस्ट २०१०. इंग्लंड विरुद्ध पाकिस्तान, लॉर्ड्सची टेस्ट. आमिर तेव्हा १८ वर्षांचा होता. त्याने असा काही स्पेल टाकला की इंग्लंड ७ बाद १०२. त्या डावात त्याने ६ विकेट काढल्या. पण त्याच डावात त्याने दोन आणि मोहम्मद आसिफने एक नो-बॉल टाकला, तेही आधी ठरलेल्या वेळी. एका ब्रिटिश वर्तमानपत्राच्या बातमीदाराने सट्टेबाजांचा माणूस असल्याचं सोंग घेऊन मझहर मजीद या एजंटला दीड लाख पाउंड दिले होते आणि मजीदने हे नो-बॉल कधी पडणार ते आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. कॅप्टन सलमान बट हाही त्यात होता.

आता कोणी म्हणेल, तीन नो-बॉल म्हणजे तीन रन, त्याने मॅच कुठे फिरते? यालाच स्पॉट फिक्सिंग म्हणतात. मॅचचा निकाल विकायचा नाही, मॅचमधला एक क्षण विकायचा. पण एक क्षण विकला गेला की बाकीच्या सगळ्या क्षणांवर संशय येतो. त्याच डावात पुढे ट्रॉट आणि ब्रॉडने आठव्या विकेटसाठी ३३२ रनांची भागीदारी केली. टेस्टमधला तो विक्रम! पण आज लॉर्ड्स २०१० म्हटलं की भागीदारी कोणाला आठवते? नो-बॉल आठवतात. त्या दोघांनी काही गुन्हा केला नव्हता, तरी किंमत त्यांनीही मोजली. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

शिक्षा दोन ठिकाणी झाली

आपल्या कट्ट्यावर बऱ्याच जणांचा घोटाळा होतो तो इथे. बंदी ही खेळाची संस्था घालते, तुरुंगात कोर्ट पाठवतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बऱ्याच खेळाडूंवर बंदी येते पण कोर्टात गुन्हा सिद्ध होत नाही. या तिघांच्या बाबतीत दोन्ही झालं.

फेब्रुवारी २०११ मध्ये आयसीसीच्या लवादाने बटला १० वर्षं (त्यातली ५ स्थगित), आसिफला ७ (त्यातली २ स्थगित) आणि आमिरला ५ वर्षं बंदी घातली. नोव्हेंबर २०११ मध्ये लंडनच्या कोर्टाने बटला ३० महिने, आसिफला एक वर्ष आणि आमिरला ६ महिने कैद दिली. मजीदला २ वर्षं ८ महिने.

आमिरची शिक्षा कमी का? एक तर वय. दुसरं म्हणजे त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला. बट आणि आसिफ शेवटपर्यंत लढले आणि त्यांनी जाहीर कबुली दिली ती थेट २०१३ मध्ये. अर्थात आमिरही काही पहिल्या दिवसापासून हरिश्चंद्र नव्हता. आयसीसीच्या लवादापुढे त्यानेही नाहीच म्हटलं होतं. पण तिघांत आधी खरं बोलला तो तोच.

परत आल्यावर

सप्टेंबर २०१५ मध्ये तिघांची बंदी उठली. नियमाने तिघेही मोकळे. पण पाकिस्तानच्या टीममध्ये परत आला तो एकटा आमिर, आणि तोही सुखासुखी नाही. डिसेंबर २०१५ च्या कॅम्पमध्ये तो आला तेव्हा हाफिज आणि वन-डे कॅप्टन अझर अली यांनी त्याच्यासोबत सराव करायला नकार दिला. बोर्डाने समजूत काढल्यावर ते आले. इंग्लंडच्या कुकचं मत तर फिक्सिंगला आजन्म बंदीच हवी असं होतं, पण आमिर आहे त्या नियमाने शिक्षा भोगून आलाय म्हणून त्याच्या खेळण्याला कुकने हरकत घेतली नाही.

जुलै २०१६ मध्ये आमिर त्याच लॉर्ड्सवर टेस्ट खेळला. पाकिस्तान ७५ रनांनी जिंकलं आणि शेवटची विकेट त्याचीच. मग १८ जून २०१७, ओव्हल, चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल. रोहित शून्य, कोहली ५, धवन २१. तिघांनाही आमिरने काढलं आणि आपण १८० रनांनी हरलो. मी तेव्हा सातवीत होतो. टीव्हीसमोर बसून त्याला दिलेल्या शिव्या अजून आठवतात. "फिक्सर कुठला" हे त्यात होतंच. आता प्रामाणिकपणे विचार केला तर वाटतं, माझा राग फिक्सिंगवर होता की कोहलीच्या विकेटवर?

आणि बट? २०२३ च्या डिसेंबरमध्ये पाकिस्तानने त्याला निवड समितीचा सल्लागार नेमलं आणि एवढा गदारोळ झाला की दुसऱ्याच दिवशी नाव मागे घेतलं. शिक्षा संपून आठ वर्षं झाली होती तरी!

मैदानाबाहेरचा गुन्हा

गुन्हा खेळातला नसेल तर? माईक टायसन १९९२ मध्ये बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरला, सुमारे तीन वर्षं तुरुंगात राहून १९९५ मध्ये सुटला आणि १९९६ मध्ये पुन्हा वर्ल्ड चॅम्पियन. तिकिटं विकली जात होती, म्हणून दारं उघडली. दुसरा काही विचार झाला असेल असं मला तरी वाटत नाही.

अमेरिकन फुटबॉलमधला मायकेल विक २००७ मध्ये कुत्र्यांच्या झुंजी लावण्याच्या प्रकरणात दोषी ठरला. २३ महिन्यांची शिक्षा, शिवाय त्या कुत्र्यांच्या देखभालीसाठी सुमारे ९ लाख २८ हजार डॉलर भरायचा आदेश. २००९ मध्ये सुटल्यावर त्याला फिलाडेल्फियाच्या टीमने घेतलं. लोकांनी निदर्शनं केली. विकने मात्र प्राणी-हक्कवाल्या संस्थेबरोबर शाळांमध्ये जाऊन आपण काय केलं ते मुलांना सांगायला सुरुवात केली. मनापासून की नाटक, हे त्याचं त्याला ठाऊक. पण पैसे भरले, तोंड लपवलं नाही, एवढं तर दिसलं.

आणि सगळ्यात अवघड उदाहरण म्हणजे नेदरलँड्सचा बीच व्हॉलीबॉलपटू स्टीव्हन व्हान डे वेल्डे. १२ वर्षांच्या मुलीवरच्या बलात्काराबद्दल २०१६ मध्ये इंग्लंडच्या कोर्टाने त्याला ४ वर्षांची शिक्षा दिली. प्रत्यक्षात तो वर्षभरापेक्षा थोडाच जास्त काळ आत होता. २०१७ पासून पुन्हा खेळायला लागला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये उतरला तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो केली. टीमचं म्हणणं, कायद्याने शिक्षा पूर्ण झाली आहे. म्हणणं खोटं नाही. पण त्या सगळ्या चर्चेत त्या मुलीची बाजू कुठे होती?

मला काय वाटतं

माझ्या मते आपण दोन प्रश्न एकत्र करतो म्हणून भांडण सुटत नाही.

पहिला प्रश्न: शिक्षा भोगलेल्याला काम करून पोट भरायचा हक्क आहे का? माझं उत्तर सरळ 'हो'. नाहीतर सहा महिन्यांच्या शिक्षेची आपण जन्मठेप करतो. ती द्यायचा अधिकार कट्ट्याला कोणी दिला?

दुसरा प्रश्न: त्याला तीच जर्सी, तीच जागा, तोच मान मिळायचा हक्क आहे का? इथे उत्तर 'नाही'. देशाची किंवा टीमची जर्सी हक्काची नसते, ती विश्वासाने देतात. जेलमधून सुटताना सामान परत मिळतं, विश्वास परत मिळत नाही. तो पुन्हा कमवावा लागतो. आणि काही गुन्हे असे आहेत, उदाहरणार्थ लहान मुलांवरचे, की त्यानंतर माणसाने जगावं, काम करावं, पण ऑलिम्पिकच्या टाळ्यांची अपेक्षा धरू नये असं मला वाटतं.

कमवायचा कसा? विकेट काढून नव्हे. खरं सांगून, नुकसान भरून आणि ज्यांचं नुकसान केलं त्यांच्यासमोर उभं राहून. शिवाय परत घेणाऱ्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारायचा: हा माणूस साधारण खेळाडू असता तरी मी त्याला घेतलं असतं का? एखाद्या कॅशिअरने पैसे खाल्ले आणि शिक्षा भोगून आला, तर त्याला पुन्हा काउंटरवर कोण बसवतं? मग ताशी १४० ने बॉल टाकणाऱ्याला वेगळा न्याय का? दुसरी संधी द्यायची तर ती स्टारलाच मिळू नये, बारावा गडी असलेल्यालाही तीच मिळाली पाहिजे.

आणि आपला ब्लॉक

हे सगळं वाचून झाल्यावर तो प्रश्न मी स्वतःलाच विचारला आणि जरा वरमलो. खरं सांगतो, मला तो हवा होता तो फक्त त्याच्या बॉलिंगसाठी. वर्गणी दिलेल्यांपैकी एकालाही मी काही विचारलं नव्हतं. तेव्हा एफ.ई.ला असलेला एक ज्युनियर आहे, त्याला घरून मोजकेच पैसे येतात. त्याच्या रूमवर जाऊन विचारलं. तो म्हणाला, "दादा, पैसे मिळाले मला. पण तो अजून एका शब्दाने बोलला नाही माझ्याशी."

मी मित्राला एवढंच सांगितलं की टीम लावायच्या आधी सगळ्यांसमोर काय झालं ते बोल. तो दोन दिवस टाळत होता. तिसऱ्या दिवशी जेवणानंतर मेसमध्ये उभा राहिला. पाच मिनिटंसुद्धा बोलला नसेल. दुकानदार नाही, पाकीट नाही, मीच खर्च केले, आणि घाबरून खोटं बोललो. मग हात वर करून मत घेतलं. बहुतेकांनी 'घ्या' म्हटलं, काहींनी 'नको' म्हटलं आणि त्यांचं मत अजून तेच आहे. तो ज्युनियर 'घ्या'वाल्यांत होता. ठरलं असं की तो खेळेल, पण वर्गणी आणि किट दुसऱ्याकडे.

सेमीफायनलला आपण हरलो हे तुम्हाला माहीतच आहे, तेव्हा या निर्णयाने ट्रॉफी आली वगैरे काही नाही. पण मॅच हरल्यावर किटची बॅग उचलून आणताना तो आणि तो ज्युनियर एक-एक टोक धरून चालले होते, हे मी पाहिलं. 'नको' म्हणणाऱ्यांचं मत चूक आहे असं मी म्हणणार नाही. त्यांना काही सांगायचं असेल तर माझी रूम तीच आहे, या. फक्त चहा तुमच्याकडून!